ताण मी देतो

द्राक्षाच्या बागेला ताण द्यावा लागतो, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं नाही. त्यांच्या काळी आमच्या रानात ऊस होता, कांदा होता. बाग मी लावली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण बागेतलं मला कुणी शिकवायला आलं तर त्याला मी बांधावरूनच परत पाठवायचो, अजूनही पाठवतो.

ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. एप्रिलात खरड छाटणी झाली की नवी काडी फुटते, हातभर वाढते, आणि वेल नुसता पाला काढत सुटतो. पाणी आहे, ऊन आहे, आपल्याला काय कमी, असं त्याला वाटतं. तेव्हा पाणी बंद करायचं. दुपारी पानं माना टाकतात. बघवत नाही. पण वेल घाबरतो, आणि घाबरला की काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो. ज्या शेतकऱ्याला त्या दिवसांत दया येते आणि तो पाणी सोडतो, त्याच्या बागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नुसता पालाच निघतो. मी कधी दया दाखवली नाही. ताणाशिवाय माल नाही, हे मी येईल त्याला सांगायचो. ज्यांच्याकडं बाग नव्हती त्यांनाही सांगायचो.

धाकटी पोरगी आम्हाला उशिरा झाली. थोरला तोवर ओझरच्या कारखान्यात लागून तिकडंच राहायला गेला होता. त्यामुळं घरात आम्ही तिघंच, मी, तिची आई आणि ती. पोरगी पळते हे मला शाळेतून कळलं नाही, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून कळलं. सायखेड्याची शाळा आमच्या मळ्यापासून साडेतीन-चार किलोमीटर. घरात सायकल होती, पण ती थोरल्याची म्हणून हिनं कधी मागितली नाही. पाटाच्या भरावावरून दप्तर पाठीला आवळून पळत जायची. एक दिवस पाटकरी मला अडवून म्हणाला, "तात्या, तुमची पोरगी माझ्या सायकलच्या पुढं गेली. मी पायडल मारत व्हतो, वर उतार व्हता."

मी म्हणालो, "तुझी सायकल जुनी हे."

पण घरी येऊन तिच्या आईला हे सांगताना माझा आवाज मलाच वेगळा लागला.

पुढं ती निफाडच्या कॉलेजात गेली, तेव्हा तिथले खेळाचे सर मळ्यावर आले. शहरातला माणूस, बोलणं स्वच्छ. म्हणाले, हिला नाशिकला स्पर्धेला न्यायचंय. मी म्हणालो, आमच्यातल्या पोरी चड्डी घालून लोकांसमोर पळत नाहीत. त्यावर ते बागेकडं बघत म्हणाले, "काका, तुमची द्राक्षं तुम्ही परदेशात पाठवता. मग पोरगी नाशिकपर्यंत पाठवायला काय हरकत आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात असं दोनदाच झालं. दुसऱ्यांदा कधी, ते येईलच.

एकदा हो म्हटल्यावर मात्र ते काम मी सरांच्या हातात ठेवलं नाही. वेलांच्या ओळी आखायची माझी गाठी मारलेली दोरी होती, तिनं मी पाटावरचं अंतर मोजलं. तीन दिवस लागले. बाभळीच्या खोडावर चुन्याचे पट्टे मारले. एवढ्यापासून एवढ्यापर्यंत पाच किलोमीटर. सरांनी नंतर गाडीवरून मोजलं तर वीस पावलांचा फरक निघाला, आणि मी अजूनही म्हणतो की चूक गाडीची होती. नाशिकहून बटण दाबायचं घड्याळ आणलं. पहाटे ती पुढं, मी मागून मोपेडवर. ती दमली की मी हॉर्न वाजवायचो.

मोटारीच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर मी बागेचा सगळा हिशोब खडूनं लिहायचो. फवारणी कधी झाली, खत कधी दिलं, पाण्याची पाळी कधी झाली. पाण्याची पाळी म्हणजे एकदा सगळ्या बागेला पाणी देऊन होणं, हे शेतीतल्या माणसाला सांगायला नको. त्याच्याच खाली मी पोरीचे मिनिट-सेकंद लिहायला लागलो. भिंत तीच, खडू तोच.

पहिली दोन वर्षं काय सांगू. तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली. मी गावात पारावर बसलो की लोक स्वतः विचारायचे. नाही विचारलं तर मी पावसापाण्याचं बोलणं काढून हळूच तिच्यावर आणायचो. त्यावरून माझी टिंगल व्हायची. कुणीतरी म्हणायचं, "तात्या, औंदा कांद्याला काय भाव राहील?" आणि दुसरा म्हणायचा, "त्यांना नको विचारू, ते सतरा मिनिटं चाळीस सेकंद सांगतील."

मग एका हिवाळ्यात गाडी अडली. घरी पाटावर पळायची तेव्हा घड्याळ बरोबर पडायचं, पण शर्यतीच्या दिवशी पाचवी, नववी. पुढं पुढं पाटावरही घड्याळ मागं पडायला लागलं. शर्यतीच्या आधी ओकायची, हिरवं पित्त पडायचं. नडग्या दुखायच्या. कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे. पहाटे हाक मारायच्या आधीच ती जागी असायची आणि मला वाटायचं, व्वा, पोरीला ध्यास लागला. तिची आई मीठ-मिरच्या ओवाळायची. मी म्हणायचो, नजर-बिजर काही नाही, ताण कमी पडतोय.

म्हणून मी वाढवला. पाटावर आणखी एक फेरी. उठायची वेळ अर्धा तास अलीकडं. सर एकदा म्हणाले होते की लांब पळणाऱ्यानं अंगानं हलकं असावं. ते मी एवढं मनावर घेतलं की तुपाची बरणीच कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. सर मधे येऊन म्हणाले, "काका, थोडं सबुरीनं घ्या, मुलगी थकलेली दिसते." मी म्हणालो, थकल्याशिवाय तयार होत नाही कुणी.

आणखी एक सांगतो, म्हणजे मी किती आंधळा होतो ते कळेल. आमच्या घरात देवाजवळ सांजेचा दिवा पोरगी लावायची. महिन्यातले चार दिवस तिची आई लावायची, का ते घरातल्या पुरुषाला विचारावं लागत नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढं उन्हाळ्यात दिवा रोज पोरगीच लावत होती, एक दिवस खंड नाही. आणि मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत होतो, "बघा, पोरगी कशी नेमाची झाली!"

मे महिना होता. लोडशेडिंगचे दिवस. वीज कधी येईल कधी जाईल नेम नाही, त्यात डीपी जळाली. नुकती छाटणी झालेली, कोंब फुटलेले, ताण द्यायला अजून अवकाश होता, म्हणजे पाणी हवंच होतं, आणि मोटार बंद. मी संतापानं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पाळी चुकली.’

दुसऱ्या दिवशी बघतो तर ते पुसलेलं. ओल्या फडक्यानं, नीट.

मी आरडाओरडा केला. माझ्या भिंतीला कुणी हात लावला? बागेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीच कबूल होईना. मी परत लिहिलं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि वीज अजून आलेली नव्हती म्हणून खरं ते लिहिलं, ‘पाळी दोनदा चुकली. लक्ष द्यावे.’

त्या खोलीत पोरगी तिचे पळायचे बूट ठेवायची.

दुपारी जेवायला घरी आलो तर ताट वाढलेलं नाही. पोरगी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. तिची आई चुलीपुढं बसलेली, चूल विझलेली. मला बघून उठली, पदर सावरला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली,

"पोरीची पाळी चुकलीय."

आता वरच्या तुकड्याचं पाणी पोरीकडं असायचं. पळून आली की कॉक ती फिरवायची. मी म्हणालो, "मग मला काय सांगती? वायरमनला सांग."

"वायरमनला?"

"त्यानंच ठेवलंय ना दोन दिवस लटकत. चुकली तर चुकली, वीज आली की देऊ. दोन पाळ्यांनी काय वेल मरत नाय."

ती मटकन खाली बसली. "अवो, दोन नाय. पाच झाल्या."

"पाच कशा व्हतील? मी भिंतीवर लिहिलंय."

"तेच तर म्हणते!" ती एकदम ओरडलीच. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. "भिंतीवर लिहितात का असलं? तरण्या पोरीचं? त्या बागेतल्या बायकांनी वाचलं असंल! लक्ष द्यावे म्हणं!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उभा होतो तसाच चुलीपाशी बसलो.

पोरीला वाटलं होतं, मला कळलंय. कळलंय आणि तोंडानं बोलायची लाज वाटते म्हणून बापानं भिंतीवर लिहिलंय. पहिल्यांदा तिनं पुसलं. मी परत लिहिल्यावर ती आईच्या गळ्यात पडली. पाच महिने तिनं हे एकटीनं पोटात ठेवलं होतं. आईनंही लक्ष दिलं नव्हतं, माझ्या घड्याळापुढं त्या घरात कुणाचं कशाकडं लक्ष होतं? आणि आईच्या मनात जे यायला नको ते येऊन गेलं होतं. तिनं विचारलंही होतं. तर पोरगी रडता रडता म्हणाली, "आई, तात्या मागून हॉर्न वाजवतात गं. मला दुसरीकडं बघायला तरी टाइम हे का?"

मी विचारलं, "मग आधी सांगितलं का नाय तिनं?"

तिची आई म्हणाली, "म्हणती, तात्यांना कळलं तर पळणं बंद करतील. आणि नाय बंद केलं, तर असंच पळवतील. दोन्हीकडून मेलेच मी."

हे ऐकून मी जेवलो नाही. तसं कुणी वाढलंही नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी तिघंही यष्टीनं नाशिकला गेलो. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, बोलणं शांत. पोरीला आधी एकटीला आत घेतलं. रक्त काढलं, पोटाचा फोटो काढला. मग संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, आजार काही नाही, गाठ नाही, घाबरू नका. मग माझ्याकडं वळल्या.

"घरात काही ताण आहे का?"

"हे की," मी म्हणालो. "ताण मी देतो."

त्यांचं पेन थांबलं. "तुम्ही देता?"

"मीच देतो. दुसऱ्या कुणाच्या हातात ठेवत नाय. जोखमीचं काम हे ते. दिवस मोजून द्यावा लागतो."

पोरगी खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. बघतो तर हसत होती. हसता हसता म्हणाली, "मॅडम, ते बागेचं सांगतायत." आणि मग खरंच रडायला लागली. "पण माझंही तेच हे."

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. मग मला म्हणाल्या, "काका, मला द्राक्षातलं काही कळत नाही. सांगा बरं, हा ताण म्हणजे काय ते."

असं कुणी विचारलं तर मी थांबतो का? सगळं सांगितलं. हलक्या रानाला किती दिवस, काळ्या रानाला किती. पानं माना टाकतात ते. वेल घाबरतो ते. त्या मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माणसाचंही थोडं असंच असतं. शर्यतीआधी भीती वाटते, तेव्हा अंगात एक रस सुटतो. छाती धडधडते, पाय हलके होतात. तेवढ्यापुरता सुटला तर चांगलाच, तो नसेल तर पळताच येणार नाही."

मी तिच्या आईकडं बघितलं. माझंच बरोबर निघत होतं.

"जीएसारखं," मी म्हणालो. जीए म्हणजे घड बुडवायचं औषध, त्यानं मणी फुगतात. "ते पण चिमूटभर लागतं."

"आणि जास्त झालं तर?"

"मग मणी कडक व्हतो, देठ जाड व्हतो. खायच्या कामाचा राहत नाय."

"हिच्या अंगात तो रस चोवीस तास सुटतोय," त्या म्हणाल्या. "रात्रीही. वर पोटात अन्न कमी आणि पळणं जास्त. अंगाला वाटतं, दुष्काळ पडलाय, मागं कुणीतरी लागलंय. मग ते ज्या कामावाचून आज जीव जात नाही, ती कामं बंद करतं. सगळ्यात आधी हे बंद होतं. पुढं हाडं ठिसूळ होतात. नडग्या दुखतात त्या उगाच नाही." मग पेनाचं टोपण लावत त्यांनी विचारलं, "तुम्ही बागेचा ताण तोडता ना?"

"तोडायचाच असतो. दिवस भरले की पाणी सोडायचं. नाय सोडलं तर धरलेला घडच जिरून जातो."

"हिचा कधी तोडला होता?"

हे दुसऱ्यांदा झालं.

पण उत्तर सुचलं नाही म्हणजे मी ऐकलं, असं समजू नका. परत येताना यष्टीत मी म्हणालोच, "माणूस म्हणजे काय वेल नव्हं." पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "मग माझं नाव औषधाच्या खाली का लिहिता?"

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी करायला घेतलं, आणि आता हसू येतं, पण तेही मी माझ्याच पद्धतीनं केलं. कपाटातलं तूप काढलं आणि दोन वेळा किती चमचे ते ठरवलं. शेंगदाण्याचे लाडू मोजून ताटात. तिनं एक ठेवला तर मी ताटावरून उठू द्यायचो नाही. पळणं निम्म्यावर आणलं, आणि ते निम्मंही घड्याळ लावून मोजलं. दिवसातून तीनदा तिला विचारायचो, "ताण गेला का?"

"जातोय, तात्या."

"लवकर घालव. गणपती उठले की निवडीची शर्यत हे."

तिची आई भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, ती काय मोटार हे का, बटण दाबलं की बंद व्हायला?"

जून गेला, जुलै गेला. बागेचा ताण मी दिला, वेळेवर तोडला. पोरीचं जिथल्या तिथं. केस गळायचे थांबले, गालावर जरा मांस आलं, पण बाकी काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करू नका. पळू द्या, पण मोकळं पळू द्या. मोकळं म्हणजे काय ते मला समजेना. मळा मोकळाच होता की.

निवडीची शर्यत नाशिकच्या बाहेर होती. मैदानातून सुटायचं, मग शेतातून, ओढ्याच्या कडेनं फिरून परत यायचं. पहिल्या सहा पोरी विद्यापीठाच्या संघात. हे तिच्या मनात दोन वर्षांपासून होतं आणि माझ्या मनात त्याच्याही आधीपासून. ती सरांबरोबर आदल्या दिवशीच गेली. मला कुणी या म्हणालं नाही. तिची आई म्हणाली, "यंदा नका जाऊ." मी म्हणालो, "पोरगी माझी, पाय माझे," आणि सकाळची यष्टी धरली.

नेहमी मी मैदानावर पोचलो की सरळ तिच्याकडं जायचो, मनगट धरायचो, नाडी बघितल्यासारखं करायचो आणि वेळ सांगायचो. त्या दिवशी मधे पाण्याच्या पिंपांचा टेम्पो उभा होता. त्याला वळसा घालून निघणार, तेवढ्यात ती दिसली. गवतावर बसली होती. पुढ्यात कुठल्या तरी दुसऱ्या कॉलेजची पोरगी, आणि आमची तिची वेणी घालत होती. दातात रिबन धरलेली. ती पोरगी काहीतरी बोलली आणि आमची एवढी हसली की रिबन तोंडातून पडली. मी टेम्पोच्या मागंच थांबलो. हिला असं हसताना मी कधी बघितलं होतं, ते आठवायला लागलो. आठवेना.

तेवढ्यात सरांनी मला बघितलं. चांगला माणूस, चांगल्या मनानंच हाक मारली, "अगं, काका आलेत बघ!"

आणि मी बघितलं. तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग जांभई दिली. लगेच दुसरी. हातातली वेणी सुटली. हात पोटावर गेला. उठली, चार पावलं नीट चालत गेली, मग पळत बाभळीमागं गेली आणि ओकली. ती दुसरी पोरगी तिचे केस धरून उभी राहिली.

तिचं ओकणं मला नवीन नव्हतं. ते मी कितीदा बघितलं होतं. पण त्याच्या आधीचं मी कधीच बघितलं नव्हतं. मी पोचायचो तेव्हा ती तशीच असायची, कारण मी पोचलेला असायचो.

मी तिच्याजवळ गेलो. ती तोंड पुसून सरळ उभी राहिली. "बरी हे मी, तात्या. आज पहिल्या सहात येते."

हात धरला तर बर्फासारखा गार. सप्टेंबरच्या उन्हात.

मी म्हणालो, "मी चाललो."

"कुठं?"

"चहाला."

"अवो, शर्यत सुटायची वेळ झाली."

"मग सुटू दे. मला तलफ आलीय."

"तात्या, तुम्ही चहा पीत नाय."

"आजपासनं पितो," असं म्हणून मी वळलो. मागं बघितलं नाही. मान मागं वळायला किती ओढ घेत होती ते माझं मला माहीत.

मैदानाच्या बाहेर रस्त्याला एक टपरी होती, तिथल्या बाकावर जाऊन बसलो. तिथून शर्यत दिसत नाही, हे नीट बघूनच बसलो. चहा सांगितला. गोड, चिकट, मला अजूनही आवडत नाही. शर्यत सुटल्याचा बार वाजला. मग एक जांभई आली. मग दुसरी. तळहात गार पडलेले. टपरीवाला म्हणाला, "काय काका, झोप नाही झाली का?" मी म्हणालो, "गप चहा टाक." तीन कप प्यायलो. मैदानातून आरडाओरडा यायचा, टाळ्या यायच्या, कुणाच्या नावानं ते कळायचं नाही. माझी पोरगी पळत होती आणि मला काही करायचं नव्हतं. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वेणी सुटलेली, बूट हातात, अशी ती रस्ता ओलांडून आली. माझ्याशेजारी बाकावर धपकन बसली. म्हणाली,

"तात्या, भूक लागलीय."

शर्यतीनंतर तिला रात्रीपर्यंत पाण्याचा घोट जायचा नाही, ती माझी पोरगी हे म्हणत होती. मी मिसळ सांगितली. तिनं रस्सा ओतून घेतला, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत खाल्ली, पाव संपले तर आणखी मागितले. मी बघत बसलो. विचारायचा शब्द जिभेच्या टोकावर होता. मी तो चहाबरोबर गिळला. चौथा कप.

दुसरी मिसळ आली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "आठवी."

"मी विचारलं का?"

"नाय. नाय विचारलं म्हणून सांगितलं." मग जरा थांबून, "सहावीला गाठलं व्हतं मी तात्या, ओढ्यापाशी. मग राहिले मागं. पण वाईट नाय वाटलं तेव्हा. पळताना मजा आली."

संघात नाव गेलं नाही. तिला रडू आलं नाही असं नाही, घरी येताना यष्टीत आलं. पण ते तिचं स्वतःचं रडू होतं. मी तिला रुमाल दिला आणि काही बोललो नाही. हे दुसरं अवघड काम.

पारावर लोकांनी विचारलं, कितवी? मी म्हणालो, आठवी. कुणीतरी हसलं. मी विचारलं, "तुमच्या घरातलं कोण कितवं आलं?" मग नाही हसलं कुणी.

त्या दिवसानंतर ती पहाटे एकटी जायची, कधी मनात असलं तर, कधी नाहीही जायची. मी गोठ्यात काहीतरी काम काढून बसायचो आणि पाटाकडं पाठ करायचो. नोव्हेंबरात घड बुडवायचं काम चालू होतं. दुपारी जेवायला घरी आलो, ताट वाढता वाढता तिची आई म्हणाली, "पोरीचं झालं हो ठीक."

"काय झालं?"

"ठीक झालं म्हणते ना." आणि माझ्या ताटात तिनं न मागता गुळाचा खडा ठेवला.

मला असं वाटलं, उठावं आणि पारावर जाऊन पेढे वाटावेत. पोरगी जिल्ह्यात पहिली आली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. पण कशाचे पेढे म्हणून सांगणार? जन्मभर बढाया मारल्या, बागेच्या, पोराच्या, पोरीच्या. सगळ्यात मोठी बढाई पदरात पडली तर ती कुणाला सांगायची सोय नाही. परत बागेत गेलो. बायकांनी विचारलं, "तात्या, आज लय खुशीत?" मी म्हणालो, "हात चालवा." आणि तोंड दिसू नये म्हणून मांडवाखाली वाकून घड बुडवत राहिलो.